जहाजात ओकलेले विदर्भवाले, इकडे या

आपल्याकडं पाणी म्हणजे अप्पर वर्धा धरण, तेही काठावरून पाह्यलेलं. तरी ज्यांनी खवळलेल्या समुद्रात जहाजाचा प्रवास केला त्यांनी लिहा. ओकारीसकट लिहा, लाजू नका.

तूरवाला, मोर्शी:
चेन्नईहून अंदमानले जहाजानं गेलतो, बंक क्लास. हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे, तीनेक दिवस लागतात. पहिली संध्याकाळ काय मजा, डेकवर फोटो, दशम्या नं ठेचा. रात्री बंगालच्या उपसागरानं रंग दाखवला. आधी जहाज डावी-उजवीकडं झुलत होतं, मंग समोरून उचलून आपटाले लागलं, दोन्ही एकदमच सुरू झालं तवा आमचं अख्खं भजनी मंडळ चूप. संडासासमोर ही लाईन, नं लाईनीतला माणूस नंबर यायच्या आधीच मोकळा! चपला रात्रभर खालून इकडून तिकडं फिरत होत्या, सकाळी पायात एक माही, एक कोणाची तरी. हिची तर हालत पाहवत नव्हती, मीच धीर देऊन राह्यलो होतो.

मेडिकलवाला, आर्वी:
ॲव्होमिनची गोळी जहाज सुटाच्या आधी घ्या लागते भाऊ, ओकारी सुरू झाल्यावर घेतली तर गोळीच बाहेर. डोळे म्हणतात भिंत जागेवर आहे, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं म्हणते सगळं हलून राह्यलं, त्यांच्या भांडणात पोट मरते. बर्थ जहाजाच्या मधात नं खालच्या मजल्यावर मागा, तिथं कमी हलते. डेकवर आले तर क्षितिजाकडं पाहा, मोबाईलकडं नाही.

दर्यापूरचा पोट्टा:
आमचं गेटवे ते मांडवा, तासाभराचीच लाँच. पावसाळ्यात बंद असते, आम्ही मे संपता संपता गेलो, तवाच वारं सुटलतं. मामा म्हणे मी बैलगाडीत वाढलो, मले काय होते. नं वाऱ्याकडं तोंड करून ओकले. मागं लग्नाचं वऱ्हाड बसलं होतं, पुढचं लिहित नाही.

तूरवाला, मोर्शी:
हे मी, त्यांची बायको लिहून राह्यली. मले काहीच झालं नव्हतं, मी कँटीनमधला भात-सांबार दोन्ही वेळ खाऊन आली. माह्या नव्या साडीच्या पिशवीत कोण ओकलं ते लिहा नं आधी. पिशवी माळ्यावरच आहे, धुवाले या.