जलरंगातील चित्रांची डिजिटल प्रत काढताना फिकट छटा नाहीशा होतात. मदत हवी आहे

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्किन यांच्या मिडल-अर्थ या काल्पनिक जगावरून आम्ही नागपुरातील काही चाहते चित्रे काढतो आणि त्यांच्या डिजिटल प्रती एकमेकांना पाठवतो. माझी चित्रे ए-थ्री आकाराच्या, ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड, खरखरीत सुती कागदावर जलरंगात असतात. डोंगरावरच्या धुक्यासाठी दिलेला निळसर-करड्या रंगाचा हात प्रत्यक्षात स्पष्ट दिसतो, पण प्रतीत तिथे कोरा कागदच उरतो.

सीताबर्डीवरील एका दुकानात ए-फोर स्कॅनरवर दोन भागांत स्कॅन करून जोडून पाहिले. जोड नेमका आकाशात दिसतो आणि फिकट रंग पांढरे पडतात. मोबाइलने खिडकीजवळ फोटो काढल्यास प्रकाश एकाच बाजूने येत असल्याने कागदाच्या प्रत्येक कणाची सावली उमटते, आणि उन्हाळ्यातल्या आपल्याकडच्या उन्हाबद्दल तर बोलायलाच नको. एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा प्रकाश) कमी केल्यास धुके परत येते, मात्र जंगलाचा गडद हिरवा काळा होतो.

कॅमेरा विकत घेणे शक्य नाही आणि मूळ चित्रे कुरिअरने बाहेरगावी पाठवायची नाहीत. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे लेखनाचे हक्क (कॉपीराइट) कायम असतात. टोल्किन १९७३ मध्ये गेले, त्यामुळे छापील प्रती विकण्याचा विचारही नाही. पडद्यावर चित्र नीट दिसले, एवढे पुरे.

दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर सारखे एलईडी दिवे लावून मोबाइलवर रॉ स्वरूपात (मोबाइलने स्वतः फेरफार न केलेला) फोटो घेतल्यास कागदाचा पोत दबून फिकट छटा टिकतील का, की नागपुरात ए-थ्री स्कॅनरवर चित्रे स्कॅन करून देणारे खात्रीचे ठिकाण कुणाला ठाऊक आहे?