पुरावा नसताना लेकराला टीबीच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

सिंदफणाकाठ, माजलगाव: माझं मत, कराव्यात. भाची १३ वर्षांची. दिवाळीपासून पोट दुखायचं, संध्याकाळी कणकण. तीनदा विडाल (टायफॉईडची रक्ततपासणी), तीनदा 'टायफॉईड' म्हणून सलाईन, मग जंताचं औषध. शाळेचा ड्रेस खांद्यावरून घसरायला लागला, पोट मात्र पुढं. छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला म्हणून एकानं 'टीबी नाहीच' असंही सांगून टाकलं! पोटातलं पाणी काढलं, सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) निगेटिव्ह, एडीए (टीबीत पाण्यात वाढणारं एक एन्झाइम) ७८. बालरोगतज्ज्ञांनी तेवढ्यावर औषध सुरू केलं. दोन महिन्यांत पोरगी भाकरी मागून खायला लागली.

लॅबवाला, लातूर: मग पुरावा होता की! ताप, घटलेलं वजन, पाणी, त्यात एडीए चाळिशीच्या बराच वर. पोटातल्या पाण्यात जंतू कमीच असतात, सीबीनॅट बऱ्याचदा चुकतं. माझं भांडण दुसऱ्याच चिठ्ठीशी आहे: 'सोनोग्राफीत ८ मिमीच्या गाठी, कोर्स ६ महिने.' पोटातल्या लसिका ग्रंथींच्या एवढ्या गाठी धडधाकट पोरांतही दिसतात. दीड सेंटिमीटरच्या पुढं, एकमेकींना चिकटलेल्या, आतून नासलेल्या असतील तर गोष्ट निराळी. माझ्या पोरालाही अशीच चिठ्ठी मिळाली होती. थांबलो, दर पंधरवड्याला किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं. वजन वाढत गेलं, गाठी गेल्या.

फडावरून: थांबायला घर लागतं, दादा. दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी निघाली की परत पाडव्यालाच. 'पंधरा दिवसांनी दाखवा' म्हणजे कुणाला? डॉक्टरला संशय असेल तर गोळ्या द्या, आम्ही घेऊ.

निवासी डॉक्टर, नांदेड: आतड्याच्या आजारात नुसत्या संशयावर गोळ्या देणं अंगाशी येतं. क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा, टीबीसारखाच दिसणारा आजार) आणि टीबी दोन्ही लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच बसतात. टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉईड दिलं तर टीबी भडकतो. उलट क्रोन्सला टीबी समजून गोळ्या दिल्या तर पोरगं महिनोन्महिने वाळत जातं. म्हणून कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं आतड्याची तपासणी) करून आतड्याचा तुकडा घ्यावा. आणि सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नयेत, एखाद-दोन सलाईनमध्ये ठेवावेत, फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून पाहणं) करणार कशाचं? हे सांगूनही बाटली फॉर्मॅलिनचीच येते, तो राग वेगळा.

सिंदफणाकाठ: गाठींचं मान्य. पण फडावरच्या भाऊ, निक्षयचा (सरकारी टीबी नोंदणीचा) आयडी देशभर चालतो, गोळ्या कारखान्याजवळच्या केंद्रात मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणाचे महिन्याला १००० रुपयेही आहेत.

फडावरून: आयडी चालतो हो. केंद्र १२ किलोमीटरवर, गाडी मुकादमाची.