थीम पार्कमध्ये मास्कसक्ती: सगळीकडे, की फक्त बंदिस्त जागी?

रांगेतला
श्वासावाटे पसरणाऱ्या साथीत थीम पार्क चालू ठेवायचं असेल, तर मास्कची सक्ती कुठवर असावी याचा मसुदा करायचा आहे. दोन टोकं समोर आहेत. एक म्हणजे फाटकातून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत मास्क. डिस्नीने जुलै २०२० मध्ये फ्लोरिडातली पार्कं पुन्हा उघडली तेव्हा दोन वर्षांवरच्या प्रत्येकाला, खाणंपिणं वगैरे सवलती सोडल्या, तर हाच नियम होता. दुसरं टोक म्हणजे फलक लावायचे आणि बाकी ज्याची त्याची मर्जी.

मास्क उपयोगी की निरुपयोगी हा वाद इथे नको, त्याचे धागे ढिगाने आहेत. हवं ते एवढंच: मास्कने कुठल्या जागी खरा फरक पडतो, कुठल्या राइडवर तो स्वतःच अडचण होतो, आणि नियम पाळून घ्यायला काय लागतं. अंदाजासाठी असं पार्क धरा: दोन रोलर कोस्टर, दोन बंदिस्त डार्क राइड (इमारतीच्या आत अंधारातून गाडीने फिरवणाऱ्या राइड), एक पाण्याची राइड, एक सभागृह आणि खाण्याच्या जागा.

वातायन
नियम हवेच्या हिशेबाने करा. उघड्यावर श्वासातले कण वाऱ्याने पातळ होत जातात, बंदिस्त जागेत ते साचतात. त्यामुळे पार्कातली सगळ्यात धोक्याची जागा कोस्टर नसतेच. ती असते डार्क राइडच्या आधीची खोली, जिथे पन्नासेक जणांना दार लावून पाच-सात मिनिटं गोष्ट ऐकवतात. तिच्या मागोमाग छप्पर आणि भिंती असलेली नागमोडी रांग. राइड चार मिनिटांची, पण रांगेत तास जातो, आणि तोही गप्पा मारत.

हिशेब सोपा आहे. खोली १० मीटर लांब, ८ रुंद, ४ उंच धरली तर ३२० घनमीटर. तासाला ६ वेळा हवा बदलायची तर १९२० घनमीटर ताजी हवा लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा जागांसाठी माणशी सेकंदाला १० लिटर सुचवले होते, म्हणजे माणशी तासाला ३६ घनमीटर. या हिशेबाने त्या खोलीत ५३ माणसं बसतात. ऐंशी भरली की मास्क सक्तीचा, नाहीतर ती खोली वगळून लोकांना थेट राइडकडे सोडा. २०२० नंतर अनेक ठिकाणी हेच केलं गेलं.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तासाला ६ वेळा हवा बदलली तरी आधीच्या गटाने सोडलेले ९९ टक्के कण निघून जायला सुमारे ४६ मिनिटं लागतात. पुढचा गट पाच मिनिटांत आत येतो. तेव्हा 'ही खोली रिकामी होती' याला काही अर्थ नाही.

मोजायचं असेल तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या, एनडीआयआर (म्हणजे अवरक्त प्रकाशाने हा वायू थेट मोजणाऱ्या) सेन्सरचाच. स्वस्तातले काही मीटर दुसऱ्याच वायूंवरून आकडा काढतात, ते घेऊ नका. बाहेर साधारण ४२० पीपीएम (दहा लाखात किती भाग) दिसतं, आत गर्दीच्या वेळी ८०० च्या वर जात असेल तर हवा कमी पडतेय. मात्र हेपा फिल्टर (अगदी बारीक कण पकडणारा) चालू असेल तर मीटर फसवतो: फिल्टर कण पकडतो, वायू नाही, म्हणून आकडा चढलेलाच राहतो. उलट कणमोजणी यंत्र डार्क राइडमध्ये निरुपयोगी, कारण धुक्याचा इफेक्ट देणारं मशीन त्याला वेडं करतं. तेच धुकं एसीतले मर्व्ह-१३ दर्जाचे बारीक फिल्टरही लवकर भरवतं. फिल्टर अडले की हवा कमी होते आणि कागदावर मात्र सहाच बदल राहतात. दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजत राहा आणि त्यावरून फिल्टर बदला, कॅलेंडरवरून नको.

सभागृहात अजून एक गंमत: विजेचं बिल वाचवायला बाहेरची हवा आत घेणाऱ्या झडपा, म्हणजे डँपर, जवळपास बंद ठेवलेले असतात. एसी थंड हवा फेकतोय म्हणून ती ताजी आहे असं समजू नका. आधी छतावर जाऊन डँपर बघा, मग मास्कचा नियम लिहा.

ब्रेकरन
वातायन यांचं बरोबर आहे, फक्त राइडच्या बाजूने काही भर.

कोस्टर वेगात असताना मास्कचा आरोग्यासाठी उपयोग फार थोडा, आणि त्रास खरा. कानात अडकवायचा मास्क वाऱ्याने खालून फुगतो, मग एका कानावरून सुटतो. सुटलेला मास्क तीन ठिकाणी जाऊ शकतो. मागच्याच्या तोंडावर. रुळाच्या आसपास. किंवा स्वतःच्याच डोळ्यांवर, हा सगळ्यात वाईट, कारण माणूस दांडी सोडून हात तोंडाकडे नेतो. रुळाजवळचा मास्क फोटोसेन्सरसमोर अडकला तर यंत्रणा त्या भागात गाडी आहे असं समजते, मागची गाडी थांबवते आणि राइड बंद. उचलायला माणूस आत पाठवायचा म्हणजे वीज तोडून, कुलूप लावून, पूर्ण रीतीने. एका मास्कपायी अर्धा तास सहज जातो.

म्हणून कोस्टरसाठी दोनच पर्याय ठेवा. डोक्यामागून पट्टे जाणारा मास्क असेल तर तो घालून बसा. कानातला असेल तर लॅप बार (मांडीवर येणारी सुरक्षेची दांडी) खाली येण्याआधी चेन किंवा बटण असलेल्या खिशात ठेवा आणि उतरल्याबरोबर लावा. 'घट्ट धरून ठेवा' असं कधीही सांगू नका. गळ्यात अडकवायची दोरीही नको. ती वापरायचीच तर ओढ बसताच सुटणाऱ्या क्लिपची.

फलाटावर मात्र मास्क हवाच. तो बहुतेक ठिकाणी छताखाली असतो, चढणारे आणि उतरणारे एकत्र येतात, आणि उतरणारे नुकते किंचाळून आलेले असतात. आवाज जितका मोठा तितके कण जास्त, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. जपानमधल्या पार्कांनी २०२० मध्ये किंचाळू नका अशी विनंती याच कारणाने केली होती. फुजी-क्यू हायलँडने तर दोन अधिकाऱ्यांना मास्क लावून कोस्टरवर चिडीचूप बसवलं आणि 'मनातल्या मनात किंचाळा' असा व्हिडिओ काढला. जाहिरात म्हणून झकास. नियम म्हणून त्याची अंमलबजावणी कोण करणार, देव जाणे.

पाण्याच्या राइडवर मास्क काढायला लावा. भिजलेल्या कापडातून श्वास ओढणं जड जातं, आणि चिंब झालेला सर्जिकल मास्क पुढे वापरण्यालायक राहत नाही. चढण्याआधी झिपची छोटी पिशवी द्या, उतरण्याच्या जागी कोरड्या मास्कचा खोका ठेवा. खोका नसेल तर पुढच्या बंदिस्त रांगेत निम्मी माणसं बिनमास्क किंवा ओल्या मास्कनिशी पोचतील.

रांगेतला
दोघांचे आभार. पण मग दिवसभर काढ-घाल फार होते का? आणि खाण्याचं काय?

पहिलीपाळी
फार होते, आणि माझा विरोध तिथेच आहे. प्रत्येक राइडला वेगळा नियम केला तर प्रत्येक राइडच्या तोंडाशी एक माणूस फक्त 'मास्क वर घ्या' म्हणायला उभा करावा लागतो. तो बहुधा सगळ्यात नवा आणि सगळ्यात कमी पगाराचा असतो, आणि शिव्या त्यालाच पडतात. मास्क हनुवटीवर, मनगटावर, खिशात, परत नाकावर, असा फिरत राहिला तर तो मळतो आणि सैल होतो. पूर्ण सक्तीत निदान भांडण फाटकाशी एकदाच होतं.

तरी हवेचा हिशेब मान्य आहे, म्हणून मधला मार्ग: नियम राइडवर नव्हे, छपरावर बांधा. 'डोक्यावर छप्पर तिथे मास्क', एवढंच. लहान पोरालाही कळतं, फलक वाचावा लागत नाही. उघड्यावरची रांग, मिरवणूक, आतषबाजीची गर्दी इथे छप्पर नसलं तरी मास्क, असं जोडा, कारण तिथे माणूस माणसाला चिकटून बराच वेळ उभा असतो. कोस्टर आणि पाण्याच्या राइडबद्दल ब्रेकरन म्हणतात तसं.

खाण्याची सवलत हे नियमाचं भोक आहे. हातात पेय धरलं की मास्क माफ, हे लोकांना पहिल्या दुपारीच कळतं. डिस्नीने म्हणूनच उघडल्यावर थोड्याच दिवसांत नियम बदलला: खाणंपिणं एका जागी थांबूनच, चालता चालता नाही. तो शब्दशः घ्या. रांगेत खाद्यपदार्थ नकोत. मास्क काढून बसायला वेगळ्या उघड्या जागा ठेवा, सावली आणि पाणी असलेल्या. उन्हाळ्यात त्या नसतील तर लोक स्वच्छतागृहात जाऊन मास्क काढतात, म्हणजे पुन्हा बंदिस्त खोलीतच.

डार्क राइडच्या आत, अंधारात, कोणी मास्क काढला तर? गाडी थांबवू नका. थांबवल्याने सगळेच आत जास्त वेळ बसतात. घोषणा करा आणि उतरल्यावर बोला. डिस्नीने मास्क नसलेल्यांचे राइडवरचे फोटो विकायचे बंद केले होते. शिक्षा म्हणावी तर काहीच नाही, पण पोरांना फोटो हवा असतो.

मास्क कसला चालेल हेही लिहा. झडपेचा नको, तो बाहेर जाणारा श्वास गाळत नाही. जाळीचा नको. खालून उघडा रुमाल नको. फक्त चेहऱ्यासमोरची प्लॅस्टिकची काच मास्कच्या जागी चालणार नाही.

वातायन
छपराचा नियम मान्य, माझ्यापेक्षा बरा आहे. एक दुरुस्ती: तीन बाजूंनी उघडा मंडप छपरातच येईल, तो येऊ द्या. थोडी जास्त सक्ती परवडली, पण 'हे छप्पर की नाही' हा वाद नको.

कर्मचाऱ्यांचा विषय राहिला. पाहुणा त्या खोलीत पाच मिनिटं, कर्मचारी आठ तास. त्यांना कापडी मास्क देऊ नका. एन ९५ किंवा एफएफपी २ (चेहऱ्याला घट्ट बसून बारीक कण गाळणारे मास्क) द्या, तोही चेहऱ्याला बसतो का हे तपासून. दाढी असेल तर कडेने हवा शिरते आणि ९५ टक्के गाळण्याची गोष्ट पाकिटावरच राहते. पाळीला किमान दोन, कारण घामाने ओला झाला की बदलायचा. समोरचा पाहुणा बिनमास्क असला तरी चांगला बसलेला एन ९५ घालणाऱ्याला वाचवतो, त्यामुळे नियम मोडणाऱ्याशी हुज्जत घालायची वेळही कमी येते.

धडपडीडॉक्टर
वय आणि सवलती. दोन वर्षांखालच्या मुलाला मास्क अजिबात नको, गुदमरलं तर त्याला स्वतः काढता येत नाही. त्यापुढे मतभेद आहेत: अमेरिकेत दोन वर्षांपासून सुचवला गेला, तर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने पाच वर्षांपर्यंत सक्ती नको आणि बारापासून मोठ्यांचाच नियम असं सांगितलं. पार्कात सहापासून सक्ती धरा. तीन वर्षांचं पोर दुपारी दोन वाजता मास्क ठेवेल असा नियम केला तर तो मोडणारे आईबापच असतील, आणि एकदा मोडायची सवय लागली की सगळाच नियम ढिला पडतो.

ज्याला स्वतःचा मास्क स्वतः काढता येत नाही त्याला कोणत्याही वयात सूट. सूट मागणाऱ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र फाटकावर तपासू नका, तिथे कोणालाच ते वाचता येत नाही. त्याऐवजी अशा कुटुंबाला बंदिस्त रांग टाळून ठरलेल्या वेळी बाजूच्या दाराने घ्या. ऐकू कमी येणारे लोक ओठांवरून समजून घेतात, म्हणून बेल्ट तपासणाऱ्यांपैकी एकाकडे पारदर्शक खिडकीचा मास्क आणि सूचनांची चित्रं असलेलं कार्ड ठेवा.

आणि नियम कधी उठणार हे आधीच लिहून ठेवा, नाहीतर दर आठवड्याला दबावाखाली ठरेल. फ्लोरिडात डिस्नीने मे २०२१ मध्ये उघड्यावरची सक्ती काढली, जूनमध्ये लस घेतलेल्यांना आतही सूट दिली आणि जुलैअखेर आतली सक्ती पुन्हा आणली. असे फेरे होणारच. म्हणून तिकिटावर 'भेटीच्या दिवशी जो नियम असेल तो लागू' असं छापा आणि त्याच ओळीत नियम बदलल्यास विनाकपात तारीख बदलून मिळेल हेही.