मदत हवी आहे : स्लॉट रिकामे असूनही मोठी मागणी अडते

नमस्कार मंडळी,

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी लवचीक ग्रिडच्या (मागणीप्रमाणे वारंवारतेचे कमी-जास्त स्लॉट देणाऱ्या) ऑप्टिकल नेटवर्कचं सिम्युलेशन पायथनमध्ये लिहितोय. टोपोलॉजी नेहमीचीच, १४ नोडची एनएसएफनेट (अमेरिकेतल्या जुन्या नेटवर्कचा नकाशा). प्रत्येक लिंकवर १२.५ गिगाहर्ट्झचे ३२० स्लॉट, म्हणजे ४ टेराहर्ट्झ. दर मागणीला (दोन नोडमधल्या जोडणीच्या विनंतीला) तीन जवळचे मार्ग काढतो आणि फर्स्ट-फिटने, म्हणजे खालून पहिली पुरेल ती जागा देतो.

लहान मागण्या बिनबोभाट जातात. १० स्लॉटवाल्या (८ डेटाचे, बाकी गार्ड बँड, म्हणजे शेजारच्या जोडणीपासून राखलेलं मोकळं अंतर) मात्र ब्लॉक होतात, तेही ढीगभर स्लॉट मोकळे असताना. वैतागून दोन लिंकच्या एका मार्गाचे १२ स्लॉट छापून पाहिले. १ म्हणजे व्यापलेला:

पहिली लिंक: ११००००१००११०
दुसरी लिंक: ०००१००००११०१
दोन्ही मिळून: ११०१००१०११११

दोन्हींवर सलग चार मोकळे आहेत, पण जागा वेगवेगळ्या. सामाईक सलग फक्त दोन! जुन्या ५० गिगाहर्ट्झच्या ग्रिडवर मार्गभर एक तरंगलांबी मिळाली की भागायचं. इथे सलगपणाही हवा. पुणे ते गोंदिया शेजारशेजारच्या चार सीट हव्यात आणि मध्ये जागा बदलायची नाही, तसला प्रकार.

बेस्ट-फिटही (पुरेल ती सर्वांत लहान मोकळी जागा घेणं) करून पाहिलं. एकेक स्लॉटची चिंधी उरते, उलट वाईट. सर म्हणतात डीफ्रॅगमेंटेशन कर, म्हणजे चालू जोडण्या सरकवून मोकळे तुकडे एकत्र आण. पण चालू जोडण्या न हलवता, जागा देतानाच काही करता येईल का?

प्रतिसाद १
८ चे १० होतात म्हणजे गार्ड दोन्ही बाजूंना धरताय. मग शेजारच्या दोन जोडण्यांत दोन-दोन गार्ड पडतात. एकाच बाजूला धरा. आणि जवळच्या मार्गांवरही क्यूपीएसकेच (दर सिम्बॉलला २ बिट नेणारं मॉड्युलेशन) वापरताय का? जिथे अंतर झेपतं तिथे १६-क्वाम (दर सिम्बॉलला ४ बिट) लावलं तर डेटाचे स्लॉट निम्मे होतात.

मूळ प्रश्नाबद्दल: पहिली जागा दिसली की घेऊ नका. तिन्ही मार्गांवरची प्रत्येक शक्य जागा तपासा, तिथे बसवल्यावर लिंकांवर किती नवे तुकडे पडतात ते मोजा, सर्वांत कमी तुकडे पाडणारी घ्या. सोपा उपाय हवा असेल तर लहान मागण्या खालच्या टोकाकडून भरा, मोठ्या वरच्या. शिवाय सुरुवातीच्या मागण्या आकडेवारीत धरू नका, तेव्हा नेटवर्क रिकामंच असतं.

धागाकर्ता
गार्ड खरंच दोन्हीकडे होता, कपाळावर हात मारला! मॉड्युलेशनही सगळीकडे क्यूपीएसकेच. आज रात्री परत चालवतो. पण दोन टोकांच्या उपायात चार-पाच स्लॉटवाल्या मधल्या मागण्या कुठल्या टोकाला पाठवू?