विश्वासू प्रोग्रामला फायरवॉलने न विचारता बाहेर जाऊ द्यावे का?

काटेकोर

वैयक्तिक फायरवॉलमध्ये, म्हणजे संगणकाची इंटरनेटवरची ये-जा तपासून अडवणाऱ्या प्रोग्राममध्ये, हल्ली एक सोय बहुधा आधीपासूनच चालू असते. ज्या प्रोग्रामवर नामवंत कंपनीची डिजिटल स्वाक्षरी (तो तिनेच बनवल्याची खूण) आहे किंवा जो फायरवॉल बनवणाऱ्यांच्या सुरक्षित यादीत आहे, त्याला इंटरनेटवर जोडणी करण्याची परवानगी वापरकर्त्याला इशारा न देताच दिली जाते. माझ्या मते ही सोय सुरुवातीला बंद असावी आणि ज्याला हवी असेल त्याने ती समजून उमजून चालू करावी.

बाहेरून येणारी अनपेक्षित जोडणी अडवण्याचे काम विंडोज स्वतःच करते. विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून (सुधारणा-संचापासून), म्हणजे २००४ पासून, तिची फायरवॉल आपोआप चालू असते. वेगळी फायरवॉल बसवणाऱ्याला प्रामुख्याने हवे असते ते आपल्या संगणकातून बाहेर काय जाते यावर लक्ष. तेथेच ती विश्वासू प्रोग्रामांबाबत गप्प बसली, तर उरतात फक्त अनोळखी प्रोग्राम. आणि पॉवरशेल किंवा सर्टयुटिल यांसारखी, खुद्द मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असलेली साधने वापरून काम साधणाऱ्या मालवेअरला (घातक प्रोग्रामला) अनोळखी दिसण्याची गरजच राहत नाही.

संगणकमित्र

मी याच्याशी सहमत नाही. एसव्हीसीहोस्ट हा प्रोग्राम अमुक आयपी पत्त्याशी (इंटरनेटवरील संगणकाच्या आकडी पत्त्याशी) ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करू इच्छितो, असा इशारा समोर आला तर सामान्य वापरकर्त्याने नेमके काय ठरवायचे? त्या एका नावाखाली विंडोजच्या अनेक सेवा चालतात. समोरचा पत्ता बहुतेक वेळा अनेक संकेतस्थळांचा मजकूर पोहोचवणाऱ्या एखाद्या मोठ्या वितरण-जाळ्याचा असतो, त्यामुळे पलीकडे कोण आहे हे त्यावरून कळत नाही. नकार दिला तर विंडोजचे अपडेटच थांबू शकतात आणि संगणक पूर्वीपेक्षा असुरक्षित होतो. असे दहा इशारे आले की अकराव्याला माणूस न वाचता होकार देतो, आणि खरा धोक्याचा इशारा तोच असू शकतो. ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी लागणारी माहितीच वापरकर्त्याकडे नाही, तो प्रश्न विचारून फायरवॉल फक्त आपली जबाबदारी त्याच्यावर ढकलते.

वैदेही

हा वाद विचारावे की विचारू नये एवढ्यावर अडकला आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की फायरवॉल विश्वास नेमका कशावर ठेवते.

सुरुवातीच्या काही फायरवॉल इतर प्रोग्रामना केवळ फाइलच्या नावावरून ओळखत. २००० साली सुरक्षा-तज्ज्ञ स्टीव्ह गिब्सन यांनी लीकटेस्ट नावाचा छोटा प्रोग्राम काढून दाखवून दिले की परवानगी असलेल्या प्रोग्रामचे नाव धारण केले की अशा फायरवॉलमधून सहज बाहेर पडता येते. यावर उपाय म्हणून फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, तपासता येतो, पण फाइल बदलली की हॅशही बदलतो; ब्राउझर साधारण दर महिन्याला नवा होत असेल, तर तितक्याच वेळा तोच इशारा पुन्हा झेलावा लागतो. म्हणून स्वाक्षरीचा आधार घेणे समजण्यासारखे आहे. मात्र स्वाक्षरीवरून प्रोग्राम कोणी बनवला एवढेच कळते. या क्षणी तो कोणाच्या सांगण्यावरून चालतो आहे, हे कळत नाही. एखाद्या अनोळखी प्रोग्रामने ब्राउझर अदृश्य खिडकीत सुरू केला आणि चोरलेली माहिती वेबपत्त्यातच जोडून पाठवली, तर बाहेर जाणारा प्रोग्राम शंभर टक्के अस्सल असतो.

त्यामुळे मी स्वतः उघडलेल्या ब्राउझरबद्दल मला काहीही विचारू नये, पण तोच ब्राउझर अनोळखी प्रोग्रामने सुरू केला असेल तर अवश्य विचारावे. असे इशारे संख्येने फार नसतील आणि त्यांचे उत्तर द्यायला आयपी पत्ता समजण्याचीही गरज पडणार नाही.

निरंतर

वैदेही, तुमची सूचना चांगली आहे, पण ती उशिराच्या टप्प्यावरची आहे. मालवेअरला एकदा प्रशासकाचे (संगणकात काहीही बदलण्याचे) अधिकार मिळाले की ते फायरवॉलमध्ये स्वतःसाठी नियम घालू शकते किंवा तीच बंद करू शकते. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोजची फायरवॉल बाहेर जाणारी जोडणी अडवू शकते, तरी नियम नसेल तेथे ती सर्व काही जाऊ देते, आणि सामान्य वापरासाठी मला ते योग्यच वाटते. मेहनत घ्यायचीच तर नको तो प्रोग्राम मुळात चालूच न होऊ देण्यावर घ्यावी.

काटेकोर

निरंतर, उशिरा कळणे आणि कधीच न कळणे यांत फार मोठा फरक आहे. शिवाय प्रत्येक मालवेअरला प्रशासकाचे अधिकार मिळतातच असे नाही, आणि माहिती चोरण्यासाठी त्यांची गरजही नसते.

२०१७ मधील सीक्लीनर या संगणक साफ करणाऱ्या प्रोग्रामचे प्रकरण पाहा. त्याच्या ५.३३ या आवृत्तीत घातक भाग शिरला होता, तिच्यावर कंपनीची वैध स्वाक्षरी होती आणि ती २२ लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली. स्वाक्षरी पाहून सूट देणाऱ्या फायरवॉलला येथे थांबण्याचे काही कारणच नव्हते.

संगणकमित्र

आणि विचारणाऱ्या फायरवॉलने तरी काय साधले असते? सीक्लीनर इंटरनेटवर जाऊ इच्छितो, असे विचारल्यावर वापरकर्त्याने होच म्हटले असते, कारण तो प्रोग्राम त्याने स्वतः विश्वासाने बसवला होता. तुमचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे.

काटेकोर

एकदाच विचारून कायमची मोकळीक घेणाऱ्या इशाऱ्याबद्दल तुमचे म्हणणे खरे आहे. पण तो घातक भाग थेट एका आयपी पत्त्याशी संपर्क साधत होता. सीक्लीनरची परवानगी त्याच्या निर्मात्याच्या सर्व्हरपुरती मर्यादित असती, तर या जोडणीसाठी वेगळा इशारा आला असता. असे नियम फायरवॉलच्या निर्मात्यांनी यादीसोबतच पुरवावेत. ते वापरकर्त्याने लिहावेत अशी माझी अपेक्षा नाही.

वैदेही

सूट देणाऱ्या यादीबद्दल आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. २०२० मध्ये आलेल्या मॅक संगणकांच्या मॅकओएस बिग सर या प्रणालीत अ‍ॅपलने आपल्याच काही प्रोग्रामांना असे वगळले होते, की लिटल स्निच किंवा लुलू यांसारख्या फायरवॉलना त्यांची जोडणी दिसतच नव्हती. त्या वाटेने इतर प्रोग्रामलाही बाहेर पडता येते, हे सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिले आणि ११.२ या आवृत्तीत अ‍ॅपलला ती यादी काढावी लागली. म्हणून सूट द्यायची असेल तर द्यावी, इशाराही हवा तर देऊ नये, पण त्या जोडणीची नोंद ठेवलीच पाहिजे आणि यादीतून कोणतेही नाव काढण्याचा अधिकार वापरकर्त्याकडेच असला पाहिजे.

संगणकमित्र

नोंद ठेवण्याला माझा विरोध नाही. माझा विरोध फक्त काम थांबवून उत्तर मागणाऱ्या खिडकीला आहे, आणि तो सीक्लीनरच्या उदाहरणानंतरही कायम आहे.