मांजरीच्या पिल्लाला जंत, माझ्या आईकडं अल्बेंडाझोल (माणसांची जंताची गोळी) आहे, देऊ का? (परभणीहून, तातडीचं)

वैशाली:
मंडळी, मनीचं दीड महिन्याचं पिल्लू रात्री पायपुसण्यावर ओकलं. शेवयांसारखे दोन जंत, वळवळायले होते. पोट नगाऱ्यासारखं फुगलंय. आई अल्बेंडाझोल घेऊन बसलीय, शाळेत पोरांना देतात तीच ४०० ची. म्हणते पाव देऊ. उद्या रविवार, दवाखाना बंद. शिरीषकाका, लवकर सांगा.

शिरीषकाका:
अजिबात देऊ नको. मांजरांत त्यानं अस्थिमज्जेला इजा होऊन रक्तपेशी घटू शकतात. हे गोल जंत दिसतात, पिल्लाला आईच्या दुधातून होतात. त्यावर पायरँटेल चालतं, पण डॉक्टरांनी वजन पाहून दिलं तर. मनीलाही लागेल. आधी वजन कर.

वैशाली:
काट्यावर पिल्लू ठेवलं तर आकडाच हलत नाही.

नंदूमामा:
त्याला घेऊन उभी राहा, मग तुझं वजन वजा कर.

अनघाताई:
मामा, ते मोठ्या मांजराला ठीक. एवढ्याशा पिल्लाला त्यात शंभर-दोनशे ग्रॅमची चूक होते. लातूरला आम्ही किराणावाल्याच्या काट्यावर टोपलीत ठेवायचो, टोपलीचं वजन वजा करून.

नंदूमामा:
बरं. पण आमच्याकडं वावडिंग आणि लसूणच द्यायचे.

शिरीषकाका:
लसूण नको, त्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

मृणाल:
शेपटीखाली भाताच्या शितांसारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी. पिसवांमुळं होतात, त्याचं औषध वेगळं. आणि पिसवांसाठी कुत्र्याचे थेंब लावू नकोस. दुकानदाराच्या सांगण्यावरून मी परमेथ्रिनचे लावले होते. माझी मांजर सोनी रात्रभर झटके देत होती, पहाटे गेली.

सचिव:
ही संदेशांची यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. कोजागिरीची नावं अजून आलेली नाहीत.

अनघाताई:
सचिवसाहेब, आमची चार नावं धरा. पण इथं एका जिवाचा प्रश्न आहे, हे चालू द्या.

वैशाली:
किराणा दुकानात ६४० ग्रॅम भरलं. गोळी आईच्या हातून काढून घेतली. आता दूध प्यायलंय. सोमवारी सकाळी पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात दोघांना नेते. काका, एकदा दिलं की झालं ना?

शिरीषकाका:
नाही. अंगात लपलेल्या अळ्या औषधानं मरत नाहीत, दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं. तारीख लिहून ठेव. वाळूचा डबा रोज साफ कर. जंतांची अंडी रोग पसरवण्याजोगी व्हायला काही आठवडे लागतात, तोवर ती घरात राहता कामा नये. भाचा त्याच अंगणात खेळतो ना?