पोरगी घरी अहिराणीत दिवसभर बोलते, कॉन्व्हेंटमध्ये तोंडच उघडत नाही, काय करू?

अहिराणी_आई (पारोळा तालुका)

नमस्कार, पोस्ट लांब होणारे, सांभाळून घ्या. मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. जूनपासून ज्युनिअर केजीला टाकली, सिस्टर लोकांची शाळा, गावापासून ९ किलोमीटर, रिक्षाने जाते. नर्सरी केलीच नाही तिने, गावातल्या अंगणवाडीत जायची आणि तिथे खूश होती. घरी आम्ही सगळे अहिराणीच बोलतो, सासूबाईंना तर मराठीसुद्धा अडखळतच येते. पोरगी घरी एवढी बोलते की सासरे म्हणायचे "इले जरा चूप बसाड व". पण शाळेत दोन महिने झाले, एक शब्द नाही. मिस म्हणतात नाव विचारलं तरी नुसती खाली बघते.

मागच्या महिन्यात तिचा युनिफॉर्म ओला झाला. इंग्लिशमध्ये विचारल्याशिवाय बाथरूमला सोडत नाहीत असं तिला वाटलं म्हणून बसूनच राहिली. घरी आली तेव्हा अंगावर शाळेतला दुसराच फ्रॉक आणि तिचा ओला फ्रॉक कॅरीबॅगमध्ये गाठ मारून दप्तरात, ती गाठ सोडताना मला रडू आलं. त्यानंतर डायरीत लिहून आलं की घरी इंग्लिशमध्येच बोला. म्हणून पंधरा दिवस झाले मी आणि मिस्टर तिच्याशी कम, ईट, सिट, गो असं जमेल तसं बोलतोय, आणि सासूबाईंना वाटतं आपल्यामुळे नातीचं नुकसान होईल म्हणून त्या तिच्याशी बोलतच नाहीत, लांब बसून बघत असतात. आता ती घरीपण गप गप राहायला लागली. बरोबर करतोय का आम्ही?

आणि एक, जेवायच्या आधी ती कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावते, शाळेत बघून शिकली. सासरे त्यावरून नाराज आहेत. शाळा बदलावी का?

केजीची_मिस (जळगाव)

ताई, मी २२ वर्षं कॉन्व्हेंटच्या केजीत शिकवलं, आता घरी आहे. शाळा बदलायचं नंतर बघू, आधी एक काम करा, आज संध्याकाळीच पोरीला आजीच्या मांडीवर बसवा आणि आजीला म्हणा पोटभर अहिराणी बोला. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. चार वर्षांच्या लेकराकडे विचार करायला, रुसायला, मागायला, भांडायला एकच भाषा असते, ती तुम्ही काढून घेतली आणि बदल्यात कम-सिट-गो दिलं, त्यात ती सांगणार काय, की मला भीती वाटते म्हणून?

नवीन भाषेत पडलेली खूप मुलं सुरुवातीचे काही महिने गप असतात. ती नुसती बसून नसतात, ऐकत असतात. माझ्या वर्गात यावल तालुक्यातला एक मुलगा होता, दिवाळीपर्यंत एक अक्षर नाही, मला वाटायचं याला काही कळतच नाही. पण मी "क्लोज युवर आइज" म्हटलं की सगळ्यात आधी डोळे तोच मिटायचा. म्हणून तुमच्या मिसना बोलते का विचारू नका, सांगितलेलं समजतं का ते विचारा. गाण्याच्या वेळी ओठ हलतात का, बाकीच्या मुलांमध्ये खेळते का, डब्बा खाते का हे विचारा. पहिला महिना तर धरूच नका. पण खेळणंसुद्धा बंद असेल किंवा दिवाळीनंतरही शाळेत असंच चालू राहिलं तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि एकदा कानाची तपासणी करून घ्या, सर्दीने कान भरलेले असले तरी वर्गाच्या गोंधळात मुलांना नीट ऐकू येत नाही.

डायरीतल्या वाक्याचं म्हणाल तर २०२०च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे केजी आणि पहिली-दुसरी एकत्र, आणि २०२२ला त्या टप्प्याचा जो अभ्यासक्रम आराखडा आला त्यात घरच्या भाषेवर आणि खेळातून शिकण्यावर भर आहे. ही काही नवीन गोष्टपण नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ला डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हणून बालवाडीच आदिवासी पाड्यावरच्या अंगणात नेली. आपल्या अंगणवाडीची मुळं तिथलीच आहेत आणि तुमची मुलगी अंगणवाडीत खूश होती ती उगाच नाही.

सिस्टरना जाऊन भेटा. भांडू नका, पण बाथरूमचं स्पष्ट बोला. करंगळी दाखवली की सोडायचं, एवढं वर्गातल्या मावशींनाही सांगून ठेवायला लावा. हे कुठलीही चांगली शाळा ऐकेल.

भुसावळ_जंक्शन

मी स्वतः कॅथलिक आहे, आजोबा रेल्वेत लागले म्हणून आम्ही वसईहून इकडे आलो आणि इकडचेच झालो. आमच्या घरी कादोडी बोलायचे, सामवेदी ख्रिस्ती लोकांची बोली. मी केजीत गेलो तेव्हा सिस्टर आमच्याच धर्माच्या, प्रार्थना घरचीच, तरी मीपण गपच होतो ताई, कारण बोली वेगळी. म्हणून सांगतो, हा धर्माचा प्रश्न नाही, भाषेचा आहे.

ते हात लावणं म्हणजे क्रूसाची खूण, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने करतात. जेवणाआधी अन्नासाठी देवाचे आभार मानायचे असतात, तुमच्या आजोबांकडे वदनी कवळ घेता म्हणत असतील तसंच. सगळे करतात म्हणून लहान मूल करतं, त्याचा अर्थ तिला ठाऊक नसतो. कॅथलिक मुलांना कॅटेकिझम म्हणजे धर्मशिक्षण वेगळं असतं, त्या तासाला बाकीच्या मुलांना मूल्यशिक्षण देतात, आमच्याकडे तरी तसंच होतं. तरीही आजोबांना नको वाटत असेल तर त्यांनी मनात ठेवू नये, घटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. आणि २०२४मध्ये आमच्या बिशपांच्या परिषदेनेच देशभरातल्या कॅथलिक शाळांना कळवलंय की दुसऱ्या धर्माच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका, असेंब्लीत संविधानाची उद्देशिका वाचा. हे सिस्टरना माहीत असणारच, मोकळेपणाने विचारा, कोणी रागावणार नाही.

डिसेंबरमध्ये शाळेत नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, करतात तेव्हा आजोबांना घेऊन जा एकदा. गाय, मेंढरं, गवत, शेतकरी माणसाला बघायला आवडेल.

एमएच_१८

मी थोडं वेगळं बोलतो, राग नका मानू. मी दहावीपर्यंत मराठीत शिकलो, धुळ्याहून पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो आणि पहिलं वर्ष वर्गात शेवटच्या बाकावर काढलं, उत्तर माहीत असून हात वर केला नाही. त्यामुळे इंग्लिश पाहिजेच, शाळा बदलू नका. पण घरी मोडकं इंग्लिश बोलण्यात काही अर्थ नाही हे मिसचं पटलं. मी माझ्या मुलाला रोज रात्री एक इंग्लिश चित्रांचं पुस्तक वाचून दाखवतो आणि गप्पा मात्र आमच्या भाषेत, तो दोन्हीकडे बोलतो.

जाता जाता, अशा शाळेत आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांत नंबर लागतो का? भाचीसाठी विचारतोय.

केजीची_मिस

दादा, नाही लागत. कॉन्व्हेंटसारख्या अल्पसंख्याक शाळांना आरटीई कायदा लागू नाही, २०१४चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. काही सिस्टर गरज बघून फी कमी करतात, ते ऑफिसमध्ये जाऊन विचारा.

पुस्तकाचं तुमचं एकदम बरोबर. आणि ताई, लिहायचं राहिलं, होमवर्कच्या ओळीसाठी पोरीला मारूनमुटकून बसवू नका. आधी बोटांत जोर यायला पाहिजे. आत्ता मुगाच्या शेंगा आल्या असतील ना घरी, आजीजवळ बसवून सोलायला द्या. अंगठा आणि पहिल्या बोटाने शेंग दाबून फोडायची, दाणे वाटीत, टरफल टोपलीत, पेन्सिल धरायला तीच बोटं लागतात. पुढे कापूस फुटला की बोंडातली सरकी काढायला द्यायची. मी वर्गात बोंडं न्यायचे, अख्खा वर्ग शांत बसून सरकी काढायचा.

अहिराणी_आई

सगळ्यांचे खूप आभार, तुमचे रिप्लाय सासऱ्यांना वाचून दाखवले. गोठ्याचं ऐकून ते काही बोलले नाहीत, पण डिसेंबरमध्ये कोणत्या तारखेला असतं ते विचारलं.

शनिवारी सिस्टरना भेटले. करंगळीचं लगेच मान्य केलं, मावशींना समोरच बोलावून सांगितलं. घरी इंग्लिश बोला याबद्दल म्हणाल्या की सगळ्या पालकांना तेच लिहून देतो, तुमच्याकडे बोली वेगळी आहे हे लक्षात नाही आलं. मुलगी डब्बा पूर्ण खाते आणि गाण्याच्या वेळी हात करते असं मिस म्हणाल्या, म्हणजे समजतंय तिला.

काल सासूबाईंसोबत ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. सासूबाई मोजत होत्या एक, दोन, तीन, आणि ही मध्येच म्हणाली, "आजी, तसं नही, वन टू थ्री म्हन." मी दारातच उभी होते, आत गेलेच नाही.